सांधा नसलेली कुऱ्हाड

"शपथेसाठी हात वर कर, असाहेल," न्यायाधीश गेलॉर्ड तिसऱ्यांदा म्हणाले.

असाहेल लोहाराचा हात अर्ध्यावर गेला आणि मान चोळू लागला. तो उठून खिडकीशी गेला. खानावळीसमोर टपालगाडीला घोडे जुंपत होते. पेटंटचा अर्ज या गाडीने वॉशिंग्टनला गेला नाही, तर पुढची गाडी शुक्रवारी. आणि नदीपलीकडचा पेक लोहारही तशीच कुऱ्हाड घडवतोय, हे गावभर झालं होतं.

टेबलावर कुऱ्हाडीचा वीतभर लोखंडी नमुना होता. सगळे लोहार दांड्यासाठी पट्टी वाकवून टोकं जोडत, आणि कडाक्याच्या थंडीत तो सांधा उकलत असे. या कुऱ्हाडीला सांधाच नव्हता. तापलेल्या अखंड लोखंडात आरपार भोक पाडलेलं.

"दाजी, बसा की! नाल ठोकताना घोडं एवढं नाचत नाही." रूफस म्हणाला. तो मेव्हणा आणि भट्टीतला भागीदार. साक्षीदाराची सही त्याने केव्हाच केली होती.

"परत वाचा," असाहेल म्हणाला.

"ही युक्ती मुळात आणि सर्वांत आधी माझीच, असं मी देवाला स्मरून..." न्यायाधीश वाचू लागले.

"तेवढं गाळता येईल?"

"अरे, तीच तर शपथ. बाकी नुसता कागद."

"युक्ती केझियाची होती."

"झालं!" रूफस उखडला. "माझी बहीण मला माहीत नाही? असती तर म्हणाली असती, सही करा आणि जेवायला या."

"सही करा म्हणाली असती. खोटी शपथ घ्या म्हणाली नसती."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "गेलेल्या माणसाच्या नावानेही अर्ज होतो. पण आधी वारसाचा दाखला काढ. तोवर बर्फाने रस्ते बंद होतील, आणि पेक काही थांबणार नाही." मग हळूच म्हणाले, "मला डाव्या कानाने कमीच ऐकू येतं. तू काय बोललास, ऐकलं नाही मी. लवकर ठरव."

बाहेर गाडीवानाने निघायचं शिंग फुंकलं.

असाहेलने कोटाच्या खिशातून फडकं काढलं. गाठ पटकन सुटेना. आत राईच्या पिठाची इवलीशी कुऱ्हाड होती, भट्टीत भाजून दगडासारखी झालेली. एक कोपरा उंदराने कुरतडलेला. मधोमध बोट खुपसून पाडलेलं भोक.

त्याने ती लोखंडी कुऱ्हाडीशेजारी ठेवली.

"सरकारला नमुना लागतो ना? पहिला हा आहे, केझियाने केलेला. तिच्या नावाने लिहा."

गाडी खडखडत निघून गेली. रूफसने एक शिवी हासडली. मग पिठाची कुऱ्हाड उचलली, उलटसुलट पाहिली आणि भोकात आपली करंगळी घालून बघितली.

ती नखापुढे गेली नाही.