पत्र्यावरचा हात

“काका, पिकअपच्या मागे हुक पक्का बसवलाय. आता हळू मागे घ्या आणि दांडी जोडा,” असं सांगून वेल्डर जेवायला गेला.

दिगंबररावांनी वीस वर्षं जुनी पिकअप रिव्हर्सला टाकली. मागे उभ्या कॅरव्हॅनची दांडी आरशात दिसेना. उतरून पाहिलं तर हातभर अंतर. पुन्हा चढले, पुन्हा उतरले. आता वीतभर डावीकडे. सहाव्या खेपेला गुडघे कुरकुरायला लागले.

याच पिकअपमधून दोघं नवरा-बायको बाजाराला रोपं न्यायची, तेव्हा त्यांना कधी असं उतरावं लागलं नव्हतं. मालनबाई मागे उभ्या राहून “येऊ द्या, येऊ द्या” ओरडायच्या आणि पत्र्यावर हात आपटायच्या. हात वाजला की ब्रेक. म्हातारपणी हे चाकांवरचं घर घेऊन कोकण फिरायचं, हा हट्टही त्यांचाच. घर तयार झालं, त्याच महिन्यात त्या गेल्या.

अकराव्या खेपेला दांडी बसली. साखळी लावून दिगंबरराव मालनबाईंच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी पत्र्यावर जोरात हात आपटला.

स्टिअरिंगमागे ब्रेक दाबायला कुणीच नव्हतं.