न पुसलेली फ्रिस्बी

थोरला अपघातात गेल्यापासून त्याच्या पांढऱ्या फ्रिस्बीला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती. आणि धाकटीने ती चक्क रंग कालवलेल्या शेव्हिंगच्या फेसात पालथी घालून ठेवली होती! बाबांचं डोकंच फिरलं.

"कोणाला विचारून रंगवलीस? आणि स्पिरिटची बाटली तर उघडलेलीही नाही! दादा कानीकपाळी ओरडायचा ना, आधी पूस, बोटांचा तेलकटपणा राहिला की तिथे रंग धरत नाही म्हणून?"

"म्हणूनच नाही पुसली," म्हणत तिने फ्रिस्बी नळाखाली धरली. फेस ओघळला. निळ्याभोर रंगात, काठाशी, दादाचा अंगठा पांढराशुभ्र उमटला होता.

"अगं, नळ बंद कर आधी!" बाबा आणखीनच कडाडले. "धुऊन जाईल ना तो!"