वह्या जाळल्या त्या दिवशी

संघप्रियानं चष्मा पुसला आणि पान उलटलं. "आता वह्यांचं प्रकरण आहे, आजी. वाचू?"

"वाच," केसरबाई म्हणाली. ओसरीवर भिंतीला पाठ टेकून ती बसली होती. सुपात लाखोरीची डाळ निवडायला घेतलेली. सकाळपासून तीन प्रकरणं ऐकून डोळे जड झाले होते.

संघप्रिया गोंडपिपरीच्या कॉलेजात मराठी शिकवायची आणि केसरबाईच्या नवऱ्यावर, कवी देवरावावर कादंबरी लिहीत होती. देवरावाला जाऊन तीस वर्षं झालेली. त्याचं एकच पातळ पुस्तक निघालं. बाकी सात वह्या चुलीत गेल्या. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनाला लोक केसरबाईला स्टेजवर बसवत, शाल देत, आणि कुणीतरी वक्ता तिच्यासमोरच सांगे, की अडाणी बायकोनं रागाच्या भरात कवीच्या वह्या जाळल्या. ती शाल मांडीवर घेऊन ऐकत राही.

संघप्रिया वाचू लागली. कादंबरीतला देवराव चुलीपुढं उभा होता. 'माझ्या शब्दांच्या लायकीचं हे जग नाही,' असं म्हणत एकेक वही आगीत टाकत होता. बायको त्याचा हात धरून रडत होती.

केसरबाईचा हात सुपातच थांबला.

"तुमच्यावरचा बोल जाईल, आजी," संघप्रिया हळूच म्हणाली. "पुस्तकात आलं की लोकांना तेच खरं वाटतं."

ते केसरबाईलाही पटलं. आता नुसतं गप्प राहायचं. पुढच्या वर्षीपासून कुणी काही बोलणार नाही, शाल घ्यायची आणि घरी यायचं. ती थकली होती आणि गप्प राहायची तिला सवय होती.

तरी तिच्या तोंडून निघालंच, "हा कोन मानूस व्हय?"

"देवरावजीच, आजी."

"ते असं बोलेच नाई. त्यायनं आपल्या हातानं कधी एक कागद फाडला नाई. वह्या मीनंच काढल्या पेटीतून."

संघप्रियानं मांडीवरचे कागद खाली ठेवले. "रागानं?"

"कायचा राग? चार दिवसांपासून पावसाची झड लागली होती. सरपण सारं ओलं. पोरगी तीन वर्षांची, तापानं फणफणून राह्यली होती. दोन दिवस पोटात काई नाई तिच्या. पेज त शिजवा लागे."

"मग? देवरावजी काहीच म्हणाले नाहीत?"

"नाई. बाजूले येऊन बसले. मी पान फाडो, त ते म्हणे थांब. हातात घेऊन मोठ्यानं वाचे. मंग मी चुलीत टाको. सातही वह्या अशाच गेल्या."

"आधी कधी वाचून दाखवायचे तुम्हाला?"

"मले? मले काऊन दाखवतीन? तेवढ्याच दिवशी."

संघप्रियानं घाईघाईनं पेन उघडलं. तिचा आवाज बदलला होता. "आजी, म्हणजे त्या कविता तुम्ही ऐकल्यात. जगात फक्त तुम्ही. एखादी ओळ आठवते का? अर्धी असली तरी चालेल. एखादा शब्दही."

केसरबाईनं सूप बाजूला सारलं. अंगणात ऊन पडलं होतं. पोरगी त्या तापातून वाचली, आता बल्लारपूरला नर्स आहे, हे सांगावं असं तिच्या मनात आलं. पण तिला ते कुणी विचारलं नव्हतं.

"कागदाचा जाळ कसा राह्यते, मॅडम? भडकते अन् विझते," ती शेवटी म्हणाली. "ते वाचत होते. माझं सारं ध्यान पेजीत होतं."