मशीनचं लायसन

लातूरला उतरून बापाच्या खाटेपाशी न जाता लेक थेट मशीनपुढं जाऊन बसतो, ही कुठली रीत, असं उमाबाई दबक्या आवाजात रामलिंग मुनिमाला ऐकवत होत्या. ऐकवायचं लेकाला, मृत्युंजयला होतं. तो मान वर करत नव्हता.

डाळ मिलचा सगळा कारभार त्या जुन्या सर्व्हरवर. तो अडकला की वजनाच्या पावत्या थांबायच्या, दारात गाड्या तुंबायच्या आणि मृत्युंजयला पुण्याहून धावत यावं लागायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ही त्याचीच ताकीद.

"झालं, अव्वा. आता पुण्यात बसून हे बंद-चालू करता येतंय. लायसन घेतलं."

"नवं काय बसवलंस?"

"काहीच न्हाई. सोय पहिल्यापासून आतच होती. कंपनीनं कुलूप घालून ठेवलेली. पैसे भरले, उघडली."

"मशीन आपण घ्यायचं, आन आतली एक खोली त्यांच्या कुलपात? दुकानदारी शिकावी तर त्यांच्याकडून."

रामलिंग हसला. मृत्युंजयला परतीची गाडी धरायची होती. त्यानं मोबाईलवर बोट दाबून बघितलं. सर्व्हरची घरघर बंद झाली.

भिंतीपलीकडच्या खोलीत सिद्धलिंगअप्पांची खाट होती. लकवा मारल्यापासून त्यांची जीभ वळत नव्हती. लेक आलाय, हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. घरघर थांबली तशी भिंतीवर टकटक झाली. थोड्या वेळानं पुन्हा झाली.

"अप्पांना काय पायजे?"

"दाढी करून पायजे," उमाबाई म्हणाल्या. "मशीन थांबलं की तू येतोस, एवढं त्यांना कळून राहिलंय. भिंत वाजवतात, मग गालावरून हात फिरवून दाखवतात. तू यायच्या आत झाली पायजे."

मृत्युंजयचं बोट मोबाईलवर टेकलं. मशीन सुरू झालं. भिंत गप्प झाली.

मुनिमानं उगाच टेबलावरची धूळ पुसली.

"मी येतच जाईन की, अव्वा," मृत्युंजय म्हणाला. "अप्पांचं काही कमी-जास्त झालं तर लगेच निघीन."

उमाबाईंनी पदर सावरला आणि पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं.

"बंद पडल्यावर येतो त्याला मिस्त्री म्हणतात, मृत्युंजया. लेक न्हाई म्हणत."