गाण्याची सुनावणी

“बाई, तुमची कॉलर ट्यून तुम्हाला स्वतःला कधी ऐकू येते का?” सुनावणी अधिकाऱ्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग ती बंद झाली काय नि चालू राहिली काय, तुमचं अडलं कुठे?”

बाई शिवणकाम करायच्या. मांडीवरच्या पिशवीत त्यांचा फोन होता. पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

दूरसंचार नियामकाच्या कार्यालयातली ती लहानशी खोली. समोर फोन कंपनीचा वकील, त्याच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसलेला कंपनीचा तंत्रज्ञ. नवा नियम आला होता. ज्या गाण्याच्या हक्काचा पुरावा नाही, ते कोणाच्याही फोनवर वाजवायचं नाही. वाजलं तर कंपनीला दंड. दंडाचं नाव ऐकताच कंपनीनं सुक्याबरोबर ओलंही जाळलं होतं. बाईंनी स्वतःच्या आवाजात म्हटलेली अंगाई कंपनीच्या संगणकाला एका संगीत कंपनीच्या अंगाईसारखी वाटली आणि त्यानं ती काढून टाकली.

“चाल त्यांच्या नावावर नोंदलेली आहे,” वकील म्हणाला.

“चाल माझ्या आजीची आहे. तिच्या नावावर घरसुद्धा नव्हतं, चाल कुठून असणार?”

तंत्रज्ञ हसला. वकिलानं पाहिल्यावर त्यानं लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

“साहेब, आजच निकाल द्या. आजच सुरू करायला सांगा,” बाई पुन्हा म्हणाल्या. आल्यापासून त्यांचा हाच धोशा चालला होता.

“कायद्याचं काम आहे, बाई. ते सावकाशच होतं. एवढी घाई कशाची, ते तरी कळू द्या.”

मग बाईंनी सांगितलं. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला निघाली, तेव्हा दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. मी एकटी पडेन, एवढंच म्हणायचं होतं. ते सोडून त्या बाकी सगळं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, उंबरा ओलांडलास तर तुझा फोन उचलणार नाही. मुलगी आईच्याच वळणावर गेलेली. तिनं उंबरा ओलांडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. बाईंनी उचलला नाही. पुढेही नाही. तोंडातून गेलेला शब्द परत घेणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. एक दिवस मात्र त्या फोनच्या दुकानात गेल्या आणि आपल्या गाण्याची कॉलर ट्यून लावून आल्या.

“उचलणार नाही असं म्हटलं होतं, साहेब. गाणार नाही असं नव्हतं म्हटलं.”

तेव्हापासून रोज दिवेलागणीला फोन वाजायचा. बाई मशीन थांबवून तो हातात घ्यायच्या. इकडे रिंग, तिकडे गाणं. रिंग मध्येच कधी तुटायची नाही; पोरगी शेवटपर्यंत ऐकते, हे त्यावरून कळायचं. पाच वर्षं मायलेकींचं बोलणं ते एवढंच. कंपनीनं गाणं काढून टाकलं त्या संध्याकाळी रिंग जेमतेम वाजली आणि तुटली. त्यानंतर फोन आलाच नाही.

“मग तुम्हीच लावायचा होता,” वकील म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता.

“रोज नंबर काढते. पण तिनंही उचलला नाही तर?”

अधिकाऱ्यांनी दोन्ही गाणी लावायला सांगितली. आधी संगीत कंपनीचं वाजलं. बासरी, मागे तंबोरा, घोटून गुळगुळीत केलेला गळा. मग बाईंचं. आधी शिलाई मशीनची खडखड, तिच्यातून वर येणारा जाडसर आवाज: ‘बाही शिवते, खिसा शिवते, झोप शिवते डोळ्यांना.’ पोरीला रोज काय ऐकू येत होतं, ते बाईंनी आज पहिल्यांदा ऐकलं.

“मशीन तरी बंद करायचं होतं मी,” त्या पुटपुटल्या.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. शब्द बाईंचे. चाल पिढ्यान्‌पिढ्यांची, कोणा एकाची नाही. संगीत कंपनीनं तर माणूससुद्धा पाठवला नव्हता. त्यांनी निकाल सांगायला सुरुवात केली, “सदर गाणं आज संध्याकाळपर्यंत—”

पिशवीतला फोन वाजला.

बाईंनी तो बाहेर काढला. पोरीचा नंबर. सवयीनं त्या तो नुसता हातात धरून बसल्या. रिंग वाजत राहिली. तिकडे आज त्यांचा आवाज नव्हता.

“अहो, घ्या की,” वकीलच म्हणाला.

बाईंनी फोन उचलला. मशीनच्या खडखडीतही रिंग कळावी म्हणून त्याचा आवाज मोठा ठेवलेला होता. बोलणं साऱ्या खोलीला ऐकू आलं.

“आई? आई, गाणं का लागत नाहीये? मला वाटलं, नंबर दुसऱ्या कोणाला गेला. मला वाटलं, तू...”

“आहे,” बाई म्हणाल्या. “आहे मी. बोल.”

पोरगी बोलू लागली. श्वास न घेता, एकातून दुसरं काढत.

अधिकाऱ्यांनी हळू आवाजात वाक्य पुरं केलं, “—आज संध्याकाळपर्यंत पूर्ववत सुरू करावं.”

“संध्याकाळ कशाला, साहेब? आत्ताच करतो,” तंत्रज्ञ म्हणाला. “एक बटण तर दाबायचं.” त्यानं लॅपटॉप पुढे ओढला.

बाईंनी फोनवर तळवा ठेवला.

“थांबा हो,” त्या म्हणाल्या. “कायद्याचं काम आहे. सावकाश होऊ द्या.”