हलकी फळी

मोठ्या पतंगाला धरून माळावर उंच उड्या मारायच्या, म्हणून पिंगळीच्या सुगतनं पायाला बांधायची चाकांची फळी निवडली ती इतकी हलकी, की कोंबडीनं पंख झाडले तरी सरकावी. बायको, नीलम, म्हणाली, "घराच्या कामी न्हाई आली, तर चुलीत घालीन."

सुगतनं घाबरतच पतंग वर सोडला अन् दोरी घट्ट धरली. वाऱ्यानं त्याला फळीसकट उचललं, अख्खी परभणी पायाखालून गेली, अन् तो थेट मानवतला सासऱ्याच्या कापसाच्या ढिगात रुतला. तिथूनच त्यानं फोन लावला.

"नीलम, तुझ्या माहेरी पडलोय."

पलीकडं नीलमनं तव्यावरची भाकर उलटली.

"गेलातच तर आईकडून लोणचं घेऊन या. अन् ती फळी बदलून जरा भक्कम घ्या, पुढल्या आईतवारी मलाबी यायचंय. एसटी लय वेळ खाती."