शुक्रवारचा जिन

जेरेनच्या मुठी वळल्या, डोळे वर गेले आणि नाझिकच्या मांडीवरचं ते चार महिन्यांचं अंग लाकडासारखं ताठ झालं. आधी डावा पाय झटके द्यायला लागला, मग हात, मग सगळी पोरच. हा तिसरा शुक्रवार. तिन्ही वेळा दुपारच्या नमाजानंतर, चहा टाकायच्या वेळेला. ह्या जिनाला घड्याळ कळतं की काय, कोण जाणे!

"आला गं मेला!" सासू ओरडली. तिनं निखाऱ्यांवर नजर उतरवायचे हरमलाचे दाणे टाकले आणि धूर नातीवरून ओवाळायला लागली. पोरीच्या गळ्यात आधीच दोन ताईत होते. एक गावातल्या मुल्लाचा, दुसरा नदीपलीकडच्या मोठ्या मुल्लाचा. मोठा मुल्ला म्हणाला होता, शुक्रवारी तुमचा माग बंद असतो, घर गप्प असतं, म्हणून जिनाला वाट सापडते. त्याचंही खरंच होतं म्हणा. शनिवारी माग सुरू झाला की जेरेन अगदी गुणी बाळ व्हायची. म्हणून आज सासूनं सकाळपासून रिकाम्या मागावर लोखंडी फणी आपटली होती. हात सुजले बिचारीचे. जिन आलाच.

अर्धी खोली त्या मागानं खाल्ली होती. सहा दिवस नाझिक त्याच्यावर वाकून गालिच्याच्या गाठी मारायची. पोर रडत बसली तर गाठी कोण मारणार? मग सकाळ-दुपार कणभर अफू बोटावर घ्यायची आणि पोरीच्या गालात सारायची. पोर झोळीत गप्प. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ह्या गावात ज्या घरात माग, त्या घरात अफूची डबी. बाळंतिणीचे चाळीस दिवस भरले की बाई मागावर आणि पोर अफूवर.

शुक्रवार मात्र नाझिकचा. मागावर चादर पडायची, डबी वरच्या फळीवर जायची. आठवड्यात तो एकच दिवस जेरेन डोळे टक्क उघडून आईकडे बघायची. त्या एका दिवसासाठी नाझिक उरलेले सहा काढायची.

"अगं, चाटव की कणभर," सासू काकुळतीला आली. "गप होईल लेकरू."

"नाही! आज शुक्रवार आहे. आज मी ते विष घालणार नाही तिच्या तोंडात."

"विष म्हणे! ह्याच डबीवर तुझा नवरा वाढला, तूही वाढलीस. त्या सुईणीनं डोकं फिरवलंय तुझं."

तोच दवाखान्याकडे गेलेला नाझिकचा नवरा बैराम त्या सुईणीलाच मोटरसायकलवर घालून घेऊन आला. एनेगुल बूट न काढताच गालिच्यावरून चालत आत आली. एरवी सासूनं घर डोक्यावर घेतलं असतं. आज ती बाजूला सरकली.

एनेगुलनं पोरीला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. झटके थांबले. जेरेननं लागोपाठ चार शिंका दिल्या आणि कापऱ्या आवाजात किंचाळली.

"ताप?"

"नाही, मावशी."

"पडली होती कुठं?"

"नाही हो. सकाळपासून नुसता घाम आणि शिंका. दूध ओढत नाही. मावशी, वाचेल ना? काहीही करा, माझा जीव घ्या, पण हिला वाचवा!"

"अफू शेवटची कधी दिलीस?"

"काल दुपारी." नाझिकनं मान वर केली. त्या रडवेल्या चेहऱ्यावरही थोडा अभिमान होता. "आज नाही दिली. शुक्रवारी देतच नाही मी."

"मागच्या शुक्रवारी?"

"नाही."

"त्याच्या मागच्या?"

"नाही. तेव्हापासूनच तर..."

एनेगुलचा चेहरा उतरला. "अगं बाई, एकदम बंद? असं मधेच एक दिवस बंद करायला सांगितलं कुणी तुला?"

"तुम्हीच की! दवाखान्यात, सगळ्या बायकांसमोर. रोज सोडणं जमत नसेल तर निदान सुट्टीच्या दिवशी तरी देऊ नका, म्हणालात. बाकीच्या हसल्या. मी एकटीनं ऐकलं तुमचं, मावशी."

एनेगुलच्या सुईणीच्या शिक्षणाच्या वहीत एक ओळ होती. तान्ह्याच्या मेंदूला अफूची सवय लागली असेल तर ती एकदम तोडू नये, झटके येतात. रोज थोडी थोडी कमी करत सोडवावी. परीक्षेत तिनं ती ओळ न चुकता लिहिली होती. मग गावात येऊन तिनं घराघरातून डब्या हिसकावल्या आणि बायकांच्या डोळ्यांदेखत पाटात फेकल्या. एकदा तर ह्याच म्हातारीशी त्यावरून तिची हातघाई झाली होती.

"बैराम, गाडी बघ. शहरातल्या इस्पितळात न्यायचं," ती कशीबशी म्हणाली.

"तीन तास लागतील."

जेरेनच्या मुठी पुन्हा वळायला लागल्या. नाझिकनं एनेगुलच्या ओढणीचं टोक घट्ट धरलं. झटका ओसरेपर्यंत एनेगुल पोरीला कुशीवर धरून बसून राहिली. मग तिनं म्हातारीकडे न बघताच हात पुढं केला.

"आजी," ती म्हणाली, "ती डबी द्या."